खाऱ्या वाऱ्यातली सायकल

समुद्रकाठच्या गावात लोखंडाला सुट्टी नसते. दुकानाचे शटर, गोदामाचे कुलूप, तराजूची साखळी यांवर रत्नागिरीची खारी हवा वर्षभर आपले काम करीत असते. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उरलेल्या महिन्यांत जांभ्याची तांबडी धूळ. अशा गावात आता अनेक व्यापारी घरांच्या ओटीवर जाड टायरांची, गिअरची डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक, येऊन उभी राहिली आहे. मुले ती शिकवणीला नेतात, मोठी माणसे पहाटे भाट्याच्या पुलापर्यंत किंवा आरे-वारेच्या चढउतारांवर फेरी मारून येतात. घेताना किमतीची घासाघीस होते, रंग पाहिला जातो. पण नंतर तिची निगा कशी राखायची आणि भाग बदलण्याची वेळ आली की कोणता घ्यायचा, याचा विचार क्वचितच होतो.

वास्तविक या सायकलीचा जन्मच निगेशी निगडित आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, वजनदार सायकली डोंगराच्या कच्च्या रस्त्याने खाली सोडीत. पेडल उलटे दाबले की मागच्या हबमध्येच ब्रेक लागे. लांब उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन जाई आणि पायथ्याशी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. 1976 मध्ये तेथे सुरू झालेल्या शर्यतीला म्हणूनच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, हे नाव पडले.

रत्नागिरीत पहिला बळी जातो तो साखळीचा. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड असतात. सराफीत दागिन्याला चकाकी आणण्यासाठी जी तांबडी पूड वापरतात, तीही लोहाचेच ऑक्साइड. सोन्यावर जे काम हलक्या हाताने करून घेतले जाते, तेच तेलात कालवलेली जांभ्याची धूळ साखळीच्या पिनांवर विनासायास आणि विनामूल्य करते. ‘चेन लांबली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही, सांध्यांतील पिना झिजतात आणि त्या झिजेची बेरीज लांबीत दिसते.

ही बेरीज घरच्या स्टीलच्या फूटपट्टीने मोजता येते. साखळीच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरावे. तेथून पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती इंचाच्या सोळाव्या भागाने, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरने, पुढे गेली असेल तर साखळी बदलण्याची वेळ झाली. अकरा-बारा गिअरांच्या नाजूक साखळ्यांना एवढीही सवलत नसते. हा इशारा दुर्लक्षून अंतर आठव्या भागापर्यंत जाऊ दिले, तर लांबलेली साखळी मागच्या चक्रांचे दातही आपल्या मापाने खाऊन टाकते. मग नवी साखळी जुन्या दातांवरून घसरू लागते आणि काही शे रुपयांच्या खर्चाच्या जागी साखळी, मागची चक्रे आणि कधी पुढचे चक्रही, असे तिहेरी बिल येते. व्याज थकवले की मुद्दल फुगते, हा हिशेब व्यापारी घराला नवा नाही.

भाग निवडताना किमतीच्या आधी माप येते. सात-आठ गिअरांची साखळी सुमारे सात मिलिमीटर रुंद असते, अकरा गिअरांची साडेपाच. ‘गिअरची चेन द्या’ एवढे सांगून योग्य साखळी मिळेलच असे नाही. मागची चक्रे दोन प्रकारची असतात: स्वस्त सायकलींत आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील, वरच्या श्रेणीत खाचांवर सरकवलेली कॅसेट. एकाच्या जागी दुसरे बसत नाही. टायरची फसगत तर आणखी सूक्ष्म आहे. ‘26 इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डोंगरी सायकलीच्या टायरचा बैठकीचा व्यास 559 मिलिमीटर, तर 26 × 1⅜ लिहिलेल्या साध्या टायरचा 590. दोन्ही सव्वीसच, आणि एकमेकांच्या रिमवर निरुपयोगी. म्हणून इंचांऐवजी टायरच्या कडेवर छापलेला तीन अंकी आकडा वाचावा: 27.5 इंचीला 584, 29 इंचीला 622. जुना भाग बरोबर घेऊन दुकानात जाणे हा तर सर्वांत सोपा उपाय. कोल्हापूरहून किंवा मुंबईहून मागवलेला चुकीचा भाग परत पाठवण्यात आठवडा जातो.

ब्रेकच्या बाबतीत ही चूक आठवड्यावर भागत नाही. आरे-वारेचा उतार संपतो तो थेट किनाऱ्याच्या वळणावर. डिस्क ब्रेकच्या पॅडवरील घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदललेच पाहिजेत, आणि पावसाळ्यात ओल्या मातीमुळे ते आश्चर्य वाटावे इतक्या लवकर झिजतात. धातुमिश्रित पॅड ओलाव्यात अधिक टिकतात. पण काही चकत्यांवर फक्त रेझिनचे पॅड वापरावेत अशी सूचना कोरलेली असते, ती आधी पाहावी. तेलाच्या ब्रेकमध्ये काही कंपन्यांचे खनिज तेल चालते, काहींचे डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतली रबरे खराब होतात आणि ब्रेक नेमका हवा तेव्हा दगा देतो.

येथेच नकली मालाचा प्रश्न उभा राहतो. नामांकित कंपनीच्या खोक्यात भलतीच साखळी किंवा पॅड घालून विकणे हा अप्रामाणिकपणा आपल्या शास्त्राला अनोळखी नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापांच्या जोडीला ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या रूपात हलका माल खपवणे, हाही आहे. धान्यात किंवा तुपात तो झाला तर गिऱ्हाईक नाडले जाते. ब्रेकच्या पॅडमध्ये झाला तर कोणाचा तरी मुलगा उतारावर थांबू शकत नाही. परंतु सारा दोष विक्रेत्याच्या माथी मारणेही न्याय्य नाही. दुकानात शिरताच ‘सगळ्यात स्वस्त कोणता?’ एवढेच विचारणारे गिऱ्हाईक तशा मालाला बाजार निर्माण करून देते. कमी किमतीचा, पण आपल्याच नावाने विकला जाणारा साधा भाग घेण्यात काहीच गैर नाही. बहुतेक घरांना तोच पुरतो. उसने नाव लावलेला भाग मात्र फुकट मिळाला तरी नको.

अहिंसेच्या दृष्टीने काही गोष्टी सहज पाळता येतात. सीट चामड्याची न घेता कृत्रिम आवरणाची घ्यावी. साखळीला मेण लावायचे असेल तर ते पॅराफिनचे आहे की मधमाशांचे, हे डब्यावर वाचावे. ग्रीस म्हटले की जुन्या माणसांना प्राण्यांच्या चरबीची शंका येते. आज सर्वत्र मिळणाऱ्या लिथियम ग्रीसला घट्टपणा आणणारा पदार्थ मात्र बहुधा एरंडेलापासून बनवलेला असतो. तेल लावतानाही यतना हवी. सांध्यासांध्यावर एक थेंब टाकून पाच मिनिटांनी कापडाने बाहेरचे सारे पुसून घ्यावे. तेलाने निथळणाऱ्या साखळीला धूळ चिकटते आणि बारीक जीवही. साफसफाईचे रॉकेल गटारात न ओतता बरणीत ठेवावे. गाळ तळाशी बसला की वरचे पुन्हा वापरता येते.

चातुर्मासात सायकल बहुधा उभीच राहते आणि गंज तेव्हाच चढतो. प्लास्टिकच्या आवरणात ती घट्ट गुंडाळणे वाईट, कारण आतला दमट वारा बाहेर जात नाही. समुद्राकडून आल्यावर साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा मात्र टाळावा, तो पाणी थेट बेअरिंगमध्ये ढकलतो. सीटचा दांडा दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवावा, अन्यथा खाऱ्या हवेत तो फ्रेमशी एकजीव होतो आणि पुढे कापूनच काढावा लागतो. पेडलांच्या आट्यांनाही तेच ग्रीस लावावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो सोडवताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा.