कुत्रा फरशीवर घासतो, ते जंतांमुळेच?

कुत्रा पुढचे पाय टाकत, पार्श्वभाग फरशीवर घासत दिवाणखाना ओलांडू लागला, की घरातली मुले हसतात आणि मोठी माणसे म्हणतात, ‘जंत झाले असणार.’ मग औषधाच्या दुकानातून जंताची गोळी येते. आठ दिवसांनी घासणे सुरूच, म्हणून आणखी एक. गोळीला फारसे पैसे लागत नाहीत. पण त्या दोन-तीन आठवड्यांत साधे दुखणे गळवापर्यंत पोहोचू शकते आणि खरा खर्च तिथून सुरू होतो.

जंत हे एक कारण आहेच. शेपटीखालच्या केसांत किंवा विष्ठेवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते चपट्या कृमींचे असतात. हे कृमी पिसवांमधून येतात आणि त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल असलेले औषध लागते. भलतीच गोळी दिली तर ते मरत नाहीत. पण असे काही दिसत नसेल आणि कुत्रा उठून गेल्यावर त्याच्या अंथरुणाला खारवलेल्या मासळीसारखा वास येत असेल, तर संशय गुदग्रंथींवर घ्यावा.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ जिथे असतात साधारण तिथे, कातडीखाली दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत साठणारा उग्र वासाचा स्राव म्हणजे कुत्र्याची ओळख. दोन कुत्री भेटली की आधी एकमेकांच्या मागे जाऊन हुंगतात, ते याचसाठी. घट्ट विष्ठा बाहेर पडताना या पिशव्यांवर दाब येतो आणि त्या आपोआप रिकाम्या होतात. विष्ठा सतत पातळ असली तर हा दाब मिळत नाही. स्राव साठतो, घट्ट होतो, नळीचे तोंड बुजते. मग जंतुसंसर्ग, पू आणि शेवटी गळू फुटून शेपटीजवळ जखम.

हा आजार दुर्मीळ नाही. ब्रिटनमधील एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२१ सालच्या अभ्यासात वर्षभरात शंभरापैकी चार ते पाच कुत्र्यांना गुदग्रंथींचा त्रास आढळला. चपट्या नाकाच्या जातींत, म्हणजे शिह त्झू, पग यांच्यासारख्यांत, प्रमाण जास्त होते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हल्ली हीच कुत्री अधिक दिसतात.

तेव्हा पहिला उपाय स्वयंपाकघरातच आहे. दूध-चपाती आणि चहाच्या वेळची बिस्किटे हा अनेक घरांतला कुत्र्याचा ठरलेला आहार. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि शौच पातळ राहते. दूध बंद करणे हा फुकटचा उपाय. बिस्किटे बंद केली तर पैसे वाचतात आणि वजनही उतरते. जेवणात उकडून कुस्करलेला लाल भोपळा (मीठ-मसाला-कांदा न घालता) किंवा इसबगोल मिसळता येतो. इसबगोल लहान कुत्र्याला अर्धा चहाचा चमचा, लॅब्रॅडॉरएवढ्या कुत्र्याला एक ते दोन. तोही पाण्यात नीट भिजवून, कोरडा कधीच नाही. हा रामबाण नव्हे, पण खर्च नगण्य आहे आणि दोन आठवड्यांत शौच घट्ट होते का, हे कुणालाही पाहता येते.

थोडी सूज असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे शेकल्यास आराम पडतो. घरगुती उपचारांची हद्द इथे संपते. हळद-तेल, फिनेल, माणसांची मलमे नकोत. कुत्रा ती चाटतो आणि काही मलमांतले झिंक ऑक्साइड त्याच्या पोटात जाणे धोक्याचे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांसारख्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या तर अजिबात देऊ नयेत. एका बाजूला लालसर, गरम गाठ, रक्त किंवा पू, शौचाला बसताना कळवळणे, ताप, जेवण सोडणे, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लवकर गेल्यास ग्रंथी दाबून किंवा धुऊन काम भागते. गळू झाल्यावर भूल, चीर, प्रतिजैविके आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या.

ग्रंथी दर महिन्याला दाबून घ्यायच्या, असा एक रिवाज कुत्र्यांच्या पार्लरमधून पसरला आहे. त्रास नसलेल्या कुत्र्याला त्याची गरज नाही. विनाकारण दाबल्याने उलट सूज येऊ शकते. ज्याला खरोखर वारंवार त्रास होतो, त्याच्या मालकाने डॉक्टरांकडून एकदा पद्धत शिकून घ्यावी आणि दुखऱ्या, सुजलेल्या ग्रंथीला घरी हात लावू नये. दर काही आठवड्यांनी त्रास उलटत असेल, कुत्रा पंजे चाटत असेल, कान खाजवत असेल, तर मूळ दुखणे बहुधा त्वचेची ॲलर्जी असते आणि पैसे तिच्या उपचारावर खर्च करणे शहाणपणाचे. ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया शेवटचा मार्ग. तिच्यानंतर काही कुत्र्यांचा शौचावरचा ताबा जातो.

वयस्क कुत्र्याची एकदा तरी तपासणी टाळू नये. एका बाजूची घट्ट, न दुखणारी गाठ कर्करोगाची असू शकते. त्यात रक्तातले कॅल्शियम वाढून कुत्रा एकाएकी खूप पाणी पिऊ लागतो, वारंवार लघवी करतो.

तपासणीसाठी महागडा दवाखानाच हवा असे नाही. जिल्हा आणि तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने नाममात्र शुल्कात काम करतात. तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जात असला, तरी ग्रंथी रिकाम्या करायला हातमोजा आणि व्हॅसलीन पुरते. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखानेही आहेत. गर्दी असते, रांग लागते. जाताना लसीकरणाची वही आणि तोंडाला बांधायची पट्टी बरोबर न्यावी. एरवी गरीब असलेला कुत्राही दुखऱ्या जागी बोट लागले की चावतो.