पंचाहत्तर टक्क्यांचे गणित

साहित्याच्या तासाला बसले नाही तरी चालते, परीक्षेच्या आधी गाईड वाचून भागते, असा समज कला शाखेच्या विद्यार्थ्यांत जुना आहे. सत्राच्या अखेरीस सूचनाफलकावर कमी हजेरीची यादी लागते तेव्हा या समजाची किंमत कळते. यादीत नाव आलेल्या विद्यार्थ्याचे परीक्षेला बसणेच धोक्यात येते. म्हणून हे नियम सत्राच्या पहिल्याच आठवड्यात समजून घेणे हिताचे.

हजेरीच्या दोन अटी

मुंबई विद्यापीठाच्या ६०८६ क्रमांकाच्या अध्यादेशात दोन अटी आहेत. सर्व विषयांची मिळून सरासरी हजेरी किमान ७५ टक्के हवी आणि प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे किमान ५० टक्के हवी. विद्यार्थी सहसा पहिली अट लक्षात ठेवतात आणि दुसरीत अडकतात. साहित्याचे ६० तास झाले आणि विद्यार्थी २९ तासांना हजर राहिला, तर इतर विषयांत त्याची हजेरी शंभर टक्के असली तरी नियम मोडतो. उलट साहित्यात ३० तास भरले, तर ती उणीव इतर विषयांतील हजेरीने भरून काढता येते. आठवड्याला चार तास असतील, तर पंधरा दिवसांच्या तापात आठ तास बुडतात. सत्राच्या आरंभी हौसेने बुडवलेले तास अशा वेळी महागात पडतात.

आजारपणासारख्या सबळ कारणासाठी मर्यादित सूट देण्याचा अधिकार प्राचार्यांना आहे. मात्र, त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेत सादर करावे लागते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून महाविद्यालयाने प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काढलेली अभ्याससहल हजेरीत धरली जाते. मित्रांसोबत पाहिलेले नाटक, ते कितीही चांगले असले तरी, धरले जात नाही.

सक्तीविषयी न्यायालयांतही वाद आहे. कमी हजेरीच्या कारणावरून विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तो विधी शिक्षणापुरता होता. त्याच्या भरवशावर कला शाखेच्या विद्यार्थ्याने तास बुडवणे शहाणपणाचे नाही.

मुदत आणि उसनवारी

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सत्र संपण्यापूर्वी विद्यापीठाकडे जावे लागतात. त्यामुळे निबंध वा प्रकल्प उशिरा स्वीकारण्यास प्राध्यापकाला फारसा वाव नसतो. अडचण असल्यास ती मुदतीपूर्वी सांगावी. मुदत उलटल्यावर सांगितलेले कारण खरे असले तरी सबब वाटते.

वाङ्मयचौर्याबाबत एक गैरसमज आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण ती नियमावली प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहे. वर्गातील निबंध, प्रकल्प आणि उत्तरपत्रिका तिच्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेथे महाविद्यालयाचा व प्राध्यापकांचा नियम चालतो आणि त्यात दहा टक्क्यांची सवलत असेलच असे नाही. गाईडमधून किंवा संगणकाकडून आयते घेतलेले रसग्रहण अनुभवी प्राध्यापकाच्या सहज लक्षात येते. संदर्भ घेतला असेल तर तो नोंदवावा, हा साधा उपाय आहे.

वर्गातील वागणूक

वेळेवर येणे, मोबाईल बंद ठेवणे या सूचना सर्वच वर्गांत असतात. साहित्याच्या वर्गात आणखी दोन गोष्टी अपेक्षित असतात. नेमलेले पुस्तक सोबत हवे आणि नेमलेला भाग वाचून झालेला हवा. दलित आत्मकथन किंवा स्त्रीवादी कविता शिकवली जात असताना समोरच्या बाकावर तेच अनुभव जगलेले कोणी बसलेले असू शकते. अशा वेळी मतभेद जरूर मांडावेत. पण ते पुस्तकातल्या ओळींच्या आधारे मांडावेत, माणसाच्या जातीकडे वा घराकडे बोट दाखवून नव्हे.

कविता मोठ्याने वाचली जाणे, तिच्या अर्थावरून वर्गात वाद रंगणे, एखाद्या सहाध्यायीने आपल्या बोलीतला शब्द उलगडून सांगणे, यांतले काहीही गाईडमध्ये छापलेले नसते. हजेरीचा नियम विद्यार्थ्याला वर्गात आणून बसवू शकतो. त्यापुढचे काम पुस्तकाचे, प्राध्यापकांचे आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तयारीचे असते.