नाव शाहिराचे, तबकडी कंपनीची

१९४९ पर्यंत सांगली नावाचा जिल्हा नव्हता. त्या साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा सांगली म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामुळे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे, तिघेही जन्माने एकाच जिल्ह्याचे. आज कऱ्हाड-मिरजेकडची पोरे मोबाइलवर बीट लावून मराठीत रॅप करतात, तेव्हा 'हे कुठले नवे खूळ' म्हणणाऱ्यांना या तिघांची आठवण करून द्यावीशी वाटते. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब म्हणजेच रॅप बॅटल, ही तुलना मात्र वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. मला मागोवा घ्यायचा आहे तो मालकीचा. शब्द शाहिराचे, गळा शाहिराचा, मग गाणे कोणाचे?

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म ११ नोव्हेंबर १८६६. गावची कुलकर्णी वहिवाट सोडून हा ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला, पवळाबाईंबरोबर फड गाजवला आणि जातीने वाळीत टाकले तरी मागे फिरला नाही. लावणीच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफायची शाहिरांची रीत त्यांनीही पाळली. ही नाममुद्रा हौसेची नव्हती. छापखाना, करारपत्र, कोर्ट यांपैकी काहीच हाताशी नसताना मालकी सांगायची ती एवढीच जागा. दुसऱ्या फडाने लावणी उचलली तरी नाव काढायचे तर यमक मोडायचे! आजचा रॅपर गाण्याच्या सुरुवातीलाच स्वतःचे नाव पुकारतो, त्यामागची गरज फार वेगळी नाही.

पण नाव टिकले म्हणून पैसा टिकला असे झाले नाही. फडाचा हिशेब तेव्हाही उचलीवर चालायचा आणि आजही चालतो. हंगामाआधी कलावंताने उचल घ्यायची आणि पुढे नाचून-गाऊन ती फेडायची. फडमालक स्वतः सावकाराकडून किंवा थिएटरच्या ठेकेदाराकडून पैसे आणतो, म्हणजे त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलेला असतोच. रेकॉर्ड कंपन्या ज्याला ॲडव्हान्स म्हणतात तो याच घराण्यातला. गाण्याच्या कमाईतून आधी ॲडव्हान्स वळता होणार आणि उरले तर कलावंताला मिळणार. बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी गेले, ते हलाखीत. पाच वर्षांनी त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला.

मधल्या काळात तबकडी आली होती. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच ती स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना चिठ्ठी कुठल्या तबकडीवर चिकटवायची ते कळावे, अशी ती सोय होती. म्हणजे कडव्यातले नाव आता कारखान्याच्या उपयोगी पडू लागले. १९३५ मध्ये मुंबईत निघालेल्या 'यंग इंडिया'सारख्या देशी कंपन्यांनी मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे बघत नसत अशा गायकांनाही जागा दिली. आपल्याकडच्या लहान लेबलांचा इतिहास लिहायचा तर तो तिथून सुरू करावा लागेल.

अण्णा भाऊंचा मार्ग निराळा. लहानपणी वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेला हा माणूस १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करतो. कंपनी नाही, तबकडी नाही. गिरणी कामगारांच्या सभा आणि चाळींची पटांगणे हेच वितरण. पथकाच्या मागे पक्ष होता, म्हणून बंदी आली तरी गाणे थांबले नाही. तमाशावर सरकारची नजर वक्र झाली तेव्हा त्याच ऐवजाचे लोकनाट्य झाले. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगाव पोहोचली. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले तेही गरिबीतच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो या आपल्या कायद्याने त्यांच्या शब्दांवरचा वारसांचा हक्क २०२९ अखेर संपेल. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांच्या शब्दांनी आजवर कोणाला किती मिळवून दिले, हा हिशेब पुतळ्याइतक्या उत्साहाने कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.

तिघांत धंद्याची नस सापडली ती शाहीर साबळ्यांना. कृष्णराव साबळे, जन्म ३ सप्टेंबर १९२३. त्यांनी 'शाहीर साबळे आणि पार्टी' या नावाने स्वतःचा संच उभा केला, 'यमराज्यात एक रात्र'सारखी मुक्तनाट्ये रंगवली आणि पुढे 'महाराष्ट्राची लोकधारा' दूरवर नेली. एचएमव्हीच्या तबकड्यांनी त्यांचा आवाज घराघरांत पोचवला, पण त्यांचा संसार तबकडीवर अवलंबून नव्हता. तबकडी जाहिरात करायची आणि सुपारी पार्टीला मिळायची. ही मांडणी आजच्या कुठल्याही स्वतंत्र कलावंताने भिंतीवर लावून ठेवावी. तरी मालकीची मेख इथेही आहेच. 'जय जय महाराष्ट्र माझा'चे शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज साबळ्यांचा. २०२३ मध्ये ते राज्यगीत झाले. गायकाला स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क मिळाला तो मात्र १९९४ च्या दुरुस्तीत, म्हणजे हे गाणे शाळाशाळांतून पाठ होऊन तीस वर्षे उलटल्यावर.

कॅसेटच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंसारखे फड लोकांना तंबूत बघायचे असत. कॅसेट जत्रेच्या दुकानात वाजे. कंपन्या वाढल्या, पण एकरकमी बिदागी देऊन कायमची सही घ्यायची पद्धत तीच राहिली.

मग मोबाइल आला. २०१५ च्या 'मेरे गली में'ने मुंबईच्या वस्त्यांतले रॅप देशाला ऐकवले, २०१९ च्या 'गली बॉय'ने ते मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेले. या मधल्या वर्षांत लहान लेबले उगवली. दिल्लीत २०१७ मध्ये 'आझादी रेकॉर्ड्स' सुरू झाले. मुंबईच्या 'स्वदेसी' या बहुभाषक चमूचा 'चेतावनी' हा अल्बम २०२० मध्ये त्यांनीच आणला. या चमूत एमसी मवाली मराठीतून बोलतो, आणि 'वारली रिव्होल्ट'मध्ये तर आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात. लाल बावटा पथकाला हे गाणे परके वाटले नसते. ज्या विषयावर मोठी कंपनी वकिलाला विचारून हात वर करेल, तिथे लहान लेबल उडी घेते. त्याची खरी किंमत मला इथे दिसते. पैसा मात्र त्याच्याकडेही बेताचाच असतो.

लेबलशिवायही चालते, असे जळगाव जिल्ह्यातल्या धानवडच्या संजू राठोडने दाखवले. भाऊ संगीत करतो, हा लिहितो-गातो, आणि २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' जगभर वाजते. उदाहरण मोठे आहे, पण फसवेही. एका संजूमागे शेकडो पोरे यूट्यूबच्या हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास या उंबऱ्याशीच अडकलेली असतात. आणि एकट्याने गाण्याचा दुसरा धोका २०२३ च्या एप्रिलमध्ये दिसला. सत्तांतराच्या राजकारणावर रॅप केले म्हणून राम मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले. शाहिरावर खटला भरणे महाराष्ट्राला नवे नाही. पण शाहिराच्या पाठीशी पथक असे. खोलीत बसून गाणे अपलोड करणाऱ्याच्या पाठीशी कोण?

म्हणून माझे मत असे की सातारा-सांगलीच्या पोरांनी मुंबईच्या लेबलची वाट बघत बसू नये. फड ही या मातीतली जुनी रेकॉर्ड कंपनीच होती. लिहिणारा, वाजवणारा, हिशेब ठेवणारा आणि गाडी चालवणारा एकत्र आले तर लेबल कऱ्हाडातही निघू शकते. फक्त उचलीचा जुना रोग त्यात शिरू देऊ नये. आधी वाटा ठरवावा, मग बीट बनवावा.

आणि मुंबईहून कोणी कागद घेऊन आलाच, तर सही करण्याआधी तो मराठीत समजून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडता येत नाही. तशी अट लिहून घेतली तरी ती टिकत नाही. हक्क किती काळासाठी दिला ते करारात लिहिलेले नसेल, तर कायदा पाच वर्षेच धरतो. 'कायमचा' हा शब्द कुठे दिसतो का, ते बघा, आणि दिसला तर तो खोडायला सांगा. गाणे प्रसिद्ध झाले की इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे स्वतःच्या नावाने नोंदवा. ही संस्था १९६९ सालीच निघाली, अण्णा भाऊ गेले त्याच वर्षी.