माळ्यावरच्या संगणकातली पत्रं

नागपूरच्या सीताबर्डीत जुना संगणक मोडीत देण्याआधी त्यातली पत्रं काढून घ्यायलाच हवीत. आउटलुक एक्सप्रेस हा तेव्हाचा ईमेल प्रोग्रॅम सर्व्हरवरून पत्र उतरवून घेई आणि वेगळी सूचना नसेल, तर तिथली प्रत पुसून टाकी. त्यामुळे २००३ साली परदेशातल्या लेकीनं पाठवलेली ईमेल आज फक्त त्याच हार्ड डिस्कवर उरलेली असू शकते.

ती सहज सापडत नाही, कारण विंडोज एक्सपीत ‘लोकल सेटिंग्ज’ हे फोल्डर लपवलेलं असतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन ते उघड करायचं. आत ‘आयडेंटिटीज’मध्ये खोलवर डीबीएक्स फायली असतात. इनबॉक्सची वेगळी, सेंट आयटम्सची वेगळी.

प्रोग्रॅम बंद करून अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावं. पत्त्यांची डब्ल्यूएबी फाईल दुसरीकडे असते, ती हमखास राहून जाते. डीबीएक्स २ जीबीला टेकली की बिघडते. अशा फायलीच्या दोन प्रती हव्यात.

नागपुरी मे महिन्यात माळ्यावर तापणाऱ्या डिस्कचा भरवसा धरू नये.