वाढणाऱ्या आकृतींचें गणित

भूमिति ही शाळेंत शिकावयाची आणि कलनशास्त्र, म्हणजे ज्यास सर्वत्र कॅलक्युलस म्हणतात तें, पुढें महाविद्यालयांत शिकावयाचें. या दोहोंचा परस्परांशीं फारसा संबंध नाहीं, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ती एकदां दृढ झाली म्हणजे विद्यार्थी सूत्रें पाठ करतो, परीक्षेंत उत्तरेंहि बरोबर आणतो. परंतु आपण काय मोजलें, हें त्यास सांगतां येत नाहीं. वास्तविक कलनशास्त्रांत भूमितीच्याच आकृति असतात. त्या तेथें वाढूं लागतात, एवढाच काय तो भेद.

वर्तुळाचें उदाहरण घ्यावें. वडाभोंवतीं १० फूट त्रिज्येचा वाटोळा पार आहे. त्यास चोहोंकडून एक दशांश फूट रुंदीचें विटांचें कडें बसवावयाचें आहे. हें कडें किती जागा व्यापील? तें उलगडून सरळ केलें अशी कल्पना करावी. मग ती पाराच्या परिघाइतकी, म्हणजे सुमारें ६२.८ फूट लांब पट्टी होईल आणि तिचें क्षेत्रफळ ६.२८ चौरस फूट भरेल. मोठ्या वर्तुळांतून लहान वर्तुळ वजा केल्यास खरें उत्तर ६.३१ येतें. अंतर पडलें तें दोनशांत एक भाग. कड्याची रुंदी एक शतांश फूट ठेवली, तर तें दोन हजारांत एक भाग पडतें. रुंदी जसजशी शून्याकडे जाते, तसतसें अंतरहि नाहींसें होत जातें. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचें विकलन केलें असतां परीघ कां मिळतो, त्याचें कारण या विटांच्या कड्यांत आहे.

येथें चौकस विद्यार्थी एक शंका काढतो. चौरसाची परिमिति बाजूच्या चौपट असते. परंतु बाजूच्या वर्गाचें विकलन केलें, तर उत्तर बाजूच्या दुपटीइतकेंच येतें. असें कां व्हावें? आकृति काढली म्हणजे उलगडा होतो. चौरसाचा एक कोपरा स्थिर ठेवून बाजू वाढविली, तर नवी पट्टी दोनच बाजूंस लागते. परंतु मध्यबिंदु स्थिर ठेवून तेथून बाजूपर्यंतचें अंतर वाढविलें, तर चारहि बाजूंस पट्ट्या लागतात व उत्तर परिमितीइतकें येतें. सूत्रांतील अक्षर आकृतींतील कोणत्या रेषेसाठीं योजिलें आहे, हें प्रथम पाहावें लागतें.

याच्या उलट क्रिया म्हणजे बारीक तुकडे मिळवून संपूर्ण आकृति उभारणें. तिला संकलन म्हणतात. तिचें मूळ फार जुनें आहे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. गोलाच्या घनफळाची उपपत्ति देतांना त्यांनीं गोलाच्या अनेक बारीक सूची कल्पिल्या आहेत. प्रत्येक सूचीचें टोंक केंद्राशीं व पाया पृष्ठभागावर. सूचीचें घनफळ पाया व उंची यांच्या गुणाकाराचा तिसरा हिस्सा. येथें उंची म्हणजे त्रिज्या आणि सर्व पाये मिळून गोलाचें पृष्ठफळ. तेव्हां पृष्ठफळास त्रिज्येनें गुणून तिहींनीं भागिलें कीं घनफळ आलें. पुढें सतराव्या शतकांत न्यूटन व लाइबनिझ यांनीं विकलन व संकलन या एकमेकींच्या उलट क्रिया आहेत हें ओळखून त्यांची सर्वत्र चालणारी पद्धति बसविली. लाइबनिझचा विकलनावरील निबंध १६८४ मध्यें आणि न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ मध्यें प्रसिद्ध झाला.

व्यवहारांत याचा उपयोग धरणाच्या पाण्यावरून उत्तम कळतो. धरण बांधण्यापूर्वीं दरीची मोजणी करून समान उंचीच्या रेषा नकाशावर काढतात. प्रत्येक रेषेच्या आंतील क्षेत्रफळ म्हणजे त्या उंचीवर पसरणाऱ्या पाण्याचें पृष्ठ. लगतच्या दोन पृष्ठांची सरासरी घेऊन तिला त्यांमधील उंचीनें गुणावयाचें आणि असे सर्व थर मिळवावयाचे, कीं जलाशयांत किती पाणी मावेल तें कळतें. हेंच संकलन. उलट पाणी एक फूट चढलें असतां सांठा किती वाढतो, हें त्या वेळच्या पृष्ठावरून ठरतें, हें विकलन.

हें ध्यानांत न घेतल्यास मोठी फसगत होते. दरी उलट्या शंकूसारखी आहे असें समजावें. पाणी अर्ध्या उंचीवर आलें कीं अर्धा सांठा उरला, असें लोकांस वाटतें. पण खरोखर एक अष्टमांशच उरलेला असतो. वरच्या अर्ध्या भागांतच आठांतील सात हिस्से पाणी होतें. ज्या शहरानें खोली पाहून पाण्याचे दिवस मोजले, त्यास उन्हाळा कठीण जाईल.

म्हणून घरांतील मुलगा किंवा मुलगी हीं सूत्रें घोकीत असतील, तेव्हां वडील मंडळींनीं कागद पुढें करून आकृति काढावयास सांगावी आणि काय वाढत आहे व वाढ कोणत्या कडेस लागत आहे, एवढेंच विचारावें. त्यासाठीं विचारणाऱ्यास कलनशास्त्र येत असलेंच पाहिजे असें नाहीं.