मराठी घरे आणि तेलुगू रामकथा : दक्षिणेतील चर्मबाहुल्यांचा वारसा व त्याच्या संवर्धनाचा प्रश्न

पारंपरिक हस्तकलांच्या संवर्धनाची चर्चा करताना सामान्यतः वस्तू केंद्रस्थानी ठेवली जाते. वस्त्र, भांडे, मूर्ती, खेळणे अशा वस्तू टिकवावयाच्या, त्यांना बाजारपेठ मिळवून द्यावयाची आणि कारागिराला उपजीविकेचे साधन उपलब्ध करून द्यावयाचे, असा या विचाराचा सर्वसाधारण क्रम असतो. जी वस्तू उपयोगासाठी घडवली जाते तिच्या बाबतीत हा क्रम पुष्कळसा योग्यही आहे. परंतु काही कलांमध्ये वस्तू हे अंतिम फल नसते. ती एका प्रयोगाचे साधन असते, आणि तो प्रयोग विशिष्ट समाजाच्या स्मृतीवर व भाषेवर उभा असतो. दक्षिण भारतातील चर्मबाहुल्यांचे छायानाट्य ही अशीच एक कला होय. मराठीच्या अभ्यासकाला तिचे विशेष महत्त्व आहे, कारण आंध्र प्रदेश, कर्नाटक व तमिळनाडू या तिन्ही राज्यांत ही कला पिढ्यानपिढ्या जोपासणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांची घरातील बोली मराठीच्या कुळातील आहे. या कलेचे स्वरूप, तिचे मराठीशी असलेले नाते आणि तिच्या संवर्धनाच्या चालू प्रयत्नांची मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कलेचे प्रादेशिक रूप

आंध्रात या कलेला 'तोलु बोम्मलाटा', कर्नाटकात 'तोगलु गोंबेआटा' आणि तमिळनाडूत 'तोल्पावैक्कूत्तु' असे म्हणतात. तिन्ही नावांचा अर्थ एकच : कातड्याच्या बाहुल्यांचा खेळ. आंध्रातील बाहुल्या आकाराने सर्वांत मोठ्या, चार ते सहा फुटांपर्यंतच्या असतात. कर्नाटकात लहान व मोठ्या अशा दोन्ही प्रकारच्या बाहुल्या आढळतात. केरळमधील 'तोल्पावकूत्तु' ही परंपरा यांहून निराळी आहे. तेथील प्रयोग भद्रकालीच्या देवस्थानाशी निगडित कायमस्वरूपी नाट्यगृहात, म्हणजे कूत्तुमाडमात, होतो. कम्ब रामायण हा त्याचा आधार असून बाहुल्यांची छाया काळी पडते. आंध्र, कर्नाटक व तमिळनाडू येथील छाया मात्र रंगीत असते, आणि हा भेद कातड्याच्या संस्कारातून निर्माण होतो.

बाहुलीसाठी वापरावयाचे कातडे रूढ अर्थाने कमावले जात नाही. ते कोमट पाण्यात भिजवून, केस व आतील चरबी खरवडून काढून, ताणून वाळवले की कागदासारखे पातळ आणि अर्धपारदर्शक होते. त्यावर आकृती रेखाटली जाते. मग निरनिराळ्या तोंडांच्या लहान छिन्न्यांनी दागिन्यांची व वस्त्रांची नक्षी भोकांच्या रूपाने कोरतात आणि दोन्ही बाजूंनी रंग भरतात. दिव्याचा प्रकाश रंगांतून गाळून पडद्यावर येतो, तर भोकांतून तो सरळ येतो. म्हणून पडद्यावरील मुकुट आणि अलंकार खरोखरच झळकल्यासारखे दिसतात. हात, पाय, क्वचित मान हे अवयव वेगळे कापून दोऱ्याने जोडतात. मधोमध चिरलेल्या बांबूची वा ताडाची काठी बसवली की बाहुली उभी राहते.

पूर्वी पात्रानुसार कातडे निवडण्याचा संकेत होता. देव आणि महाकाव्यांतील नायक यांच्यासाठी हरणाचे, तर इतर पात्रांसाठी बकऱ्याचे कातडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा भेद उरला नाही आणि बकऱ्याचे कातडे सर्वत्र रूढ झाले. या बदलाने कला क्षीण झाली असे म्हणता येत नाही. बाहेरून आलेली मर्यादा कारागिरांनी स्वीकारली आणि आपली पद्धत तिला जुळवून घेतली. परंपरा म्हणजे अपरिवर्तनीयता नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

प्रयोग ताणलेल्या पांढऱ्या पडद्यामागून होतो. पूर्वी तेलाचे दिवे असत, आता विजेचे दिवे आले. बाहुली नाचवणारा स्वतः गातो, संवाद म्हणतो आणि पायाखालच्या फळ्यांवर पाय आपटून युद्धाचा वा पदन्यासाचा नाद निर्माण करतो. स्त्रियाही गायनात व संवादांत सहभागी होतात. रामायण व महाभारत हे मुख्य विषय होत. आंध्रातील कलावंतांच्या गायनाला द्विपद छंदातील 'रंगनाथ रामायणमु' या तेलुगू काव्याचा मोठा आधार आहे. गंभीर कथेच्या मध्ये विनोदी पात्रे येऊन गावातील ताज्या घडामोडींवर भाष्य करतात. आंध्रात जुट्टुपोलिगाडु व बंगारक्का, कर्नाटकात किल्लेक्यात आणि बंगारक्का, तमिळनाडूत उच्चिकुडुंबन व उळुवत्तलैयन ही त्यांची नावे. पाऊस पडावा किंवा रोगराई टळावी म्हणून खेळ लावण्याची प्रथाही होती. जीर्ण झालेली बाहुली फेकून न देता पाण्यात विसर्जित करीत. अर्थात कलावंताच्या दृष्टीने ती केवळ उपकरण नव्हती.

कलावंत समाज आणि त्यांची भाषा

कर्नाटकात या कलावंतांना 'किल्लेक्यात' या विदूषकाच्याच नावाने ओळखतात. 'शिळ्ळेक्यात' व 'कटबू' ही नावेही प्रचलित आहेत. बाहुल्यांच्या खेळाबरोबर मासेमारी हा या समाजाचा दुसरा व्यवसाय. एडगर थर्स्टन यांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील जातिजमातींवरील ग्रंथात किल्लेक्यातांची स्वतंत्र नोंद आहे. आंध्रातील कलावंत स्वतःला 'आरे' म्हणवतात. तेलुगू आणि कन्नड भाषांत 'आरे' हा शब्द मराठ्यांसाठी वापरला जातो. तमिळनाडूतील कलावंत 'मंडिगर' म्हणून ओळखले जातात आणि त्यांच्या नावांपुढे 'राव' हे उपपद सर्रास आढळते.

आपण मराठ्यांबरोबर दक्षिणेत आलो, अशी या समाजांतील मौखिक परंपरा सांगते. तमिळनाडूत ती तंजावरच्या भोसले घराण्याशी जोडली जाते. व्यंकोजींनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये ते राज्य ब्रिटिशांनी खालसा केले. या अवधीत मराठी सैनिक, कारकून, कीर्तनकार व कलावंत तेथे स्थायिक झाले, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु एवढ्यावरून छायानाट्य ही कलाच मराठ्यांनी दक्षिणेत नेली असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. तेराव्या शतकातील पाल्कुरिकी सोमनाथाच्या 'पंडिताराध्य चरित्र' या तेलुगू ग्रंथात पडद्यावरील बाहुल्यांच्या खेळाचा उल्लेख अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. म्हणजे तेलुगू प्रदेशात ही कला मराठी राज्याच्या कितीतरी आधी ज्ञात होती. कलावंतांच्या स्थलांतराचा इतिहास आणि कलेच्या उगमाचा इतिहास हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळल्यास प्रादेशिक अभिमानाला खाद्य मिळते, पण ज्ञानात भर पडत नाही.

महाराष्ट्राकडे पाहिले असता सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव डोळ्यांसमोर येते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तीन कला सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्या 'चित्रकथका'चा उल्लेख बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात येतो. पिंगुळीचे बाहुलेकार आणि दक्षिणेतील आरे, किल्लेक्यात, मंडिगर यांच्यात रक्ताचे नाते नसले तरी कथनाचा धर्म एक आहे : चित्र, गायन आणि निवेदन यांच्या संयोगातून रामकथा उभी करणे. दख्खनच्या पठारापासून कावेरीच्या मुखापर्यंत पसरलेल्या या कथनपरंपरेचे दक्षिणेतील वैशिष्ट्य असे की तेथील कलावंत घरात एक भाषा बोलतो व पडद्यामागे दुसरी गातो. मराठी बोलणाऱ्या घरातील मूल तेलुगू द्विपद तोंडपाठ करते. भारतीय भाषांमधील देवाणघेवाणीचे इतके जिवंत उदाहरण विरळाच.

संवर्धनाचे प्रयत्न व त्यांचे फलित

चित्रपट आणि पुढे दूरचित्रवाणी यांमुळे रात्रभर चालणाऱ्या खेळांचा प्रेक्षक आटला. गावोगावच्या यात्रांतून मिळणारे धान्य आणि बिदागी थांबली. अशा वेळी आंध्रातील निम्मलकुंटा या गावाने धरलेली वाट उल्लेखनीय आहे. पूर्वी अनंतपूर व २०२२ पासून श्री सत्य साई जिल्ह्यात असलेल्या या गावातील कारागिरांनी त्याच कातड्यावर, त्याच छिन्न्यांनी दिव्यांच्या छत्र्या, भिंतीवरील चित्रे व शोभेच्या वस्तू घडवण्यास प्रारंभ केला. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यान्वये 'आंध्र प्रदेश चर्मबाहुली कला' नोंदली गेली. निम्मलकुंट्याचे दळवाई चलपती राव यांना २०२० मध्ये, पिंगुळीचे परशुराम विश्राम गंगावणे यांना २०२१ मध्ये आणि कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्याच्या वयोवृद्ध कलावंत भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गंगावणे कुटुंबाने २००६ मध्ये गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभारले. बंगळूरच्या चित्रकला परिषदेत चर्मबाहुल्यांचा मोठा संग्रह आहे, एम. एस. नंजुंड राव यांनी कर्नाटकातील बाहुल्यांचे दस्तऐवजीकरण केले.

हे सर्व प्रयत्न स्वागतार्हच आहेत. दिव्याच्या छत्रीने कित्येक कुटुंबांची चूल पेटती ठेवली, आणि उपाशी कलावंताकडून परंपरेची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि छत्री कथा सांगत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. तिच्यावर राम कोरलेला असतो, पण तो कोणत्या प्रसंगी धनुष्य उचलतो हे माहीत नसले तरी छत्री विकली जाते. बाहुली घडवणाऱ्याला तिचे सांधे कोठे असावेत हे प्रयोगातून कळत असे. प्रयोग थांबला की सांध्यांची गरज संपते व बाहुलीचे सपाट चित्र होते. असे झाल्यास छिन्नीचे कौशल्य पुढच्या पिढीकडे जाईल, परंतु आवाज बदलण्याचे, पदे रचण्याचे आणि ऐन वेळी विनोद करण्याचे कौशल्य जाणार नाही.

संग्रहालयांबाबतही हीच अडचण उद्भवते. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथी परंपरेतील चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेली आहेत. चित्रे सुरक्षित राहिली. परंतु ती एकामागून एक उलगडताना जे निवेदन होत असे ते काचेच्या पेटीत ठेवता येत नाही.

वारशाच्या व्याख्येत या दृष्टीने मोलाची भर युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त सांस्कृतिक वारसाविषयक कराराने घातली. भारताने त्याला २००५ मध्ये मान्यता दिली. मौखिक परंपरा आणि प्रयोगकला यांच्याबरोबरच वारशाचे वाहन असलेली भाषा यांचाही त्यात निर्देश आहे. उलट भौगोलिक निर्देशन कायदा स्वभावतः मालाशी संबंधित आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत बाहुल्या व खेळणी बनवणारे कारागीर आहेत. मात्र हात आणि अवजारे यांनी काम करणारा ही त्या योजनेची कसोटी आहे. गाणारा गळा तिच्यात बसत नाही. एका यंत्रणेने कारागीर म्हणून आणि दुसरीने कलावंत म्हणून एकाच माणसाचे दोन तुकडे करावेत, हा व्यवहारातील विपर्यास आहे.

मराठीच्या अभ्यासाचे उत्तरदायित्व

महाराष्ट्राबाहेरील मराठीचा अभ्यास आजवर प्रामुख्याने दरबाराच्या अंगाने झाला. तंजावरचे मोडी दप्तर, सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते, शाहजी राजांची नाटके यांवर अभ्यासकांनी परिश्रम घेतले, आणि ते आवश्यकही होते. परंतु ज्या मराठीला दप्तर नाही, लिपी नाही, जी डोक्यावर बाहुल्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडली, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा दर्जा प्राचीन ग्रंथांच्या गौरवापुरता मर्यादित राहू नये. शतकानुशतके इतर भाषांच्या सहवासात टिकून राहिलेल्या या बोली मराठीच्या इतिहासाची साधने आहेत.

या दृष्टीने काही कामे निकडीची ठरतात. पहिले, संपूर्ण प्रयोगांचे ध्वनिचित्रमुद्रण. महोत्सवासाठी अर्ध्या तासात कापलेला खेळ हा प्रयोगाचा पर्याय नव्हे. दुसरे, पडद्यामागील व्यवहाराची नोंद. कातड्याच्या प्रती, छिन्न्या, रंग, बाहुलीचे अवयव यांना घरात कोणते शब्द आहेत, त्यांतील मराठी किती व तेलुगू, कन्नड वा तमिळ किती, याचा कोश तयार झाला पाहिजे. तिसरे, मराठी, तेलुगू, कन्नड आणि तमिळ विभागांनी एकत्र येऊन हे संशोधन करणे, कारण एका भाषेच्या अभ्यासकाला अर्धाच खेळ कळतो. चौथे, या समाजांतील शिकलेल्या तरुणांना माहितीदार न मानता संशोधक म्हणून सामावून घेणे, आणि मुद्रित सामग्रीची प्रत व हक्क त्या कुटुंबांकडे ठेवणे.

तात्पर्य, चर्मबाहुलीच्या वारशाची तीन अंगे आहेत : घडण, प्रयोग आणि बोली. सध्याच्या संवर्धनाने पहिल्या अंगाला आधार दिला, दुसऱ्याला सन्मान दिला. तिसऱ्याची मात्र दखलही घेतली नाही. घडण बाजारपेठेच्या बळावर टिकेल, प्रयोग रसिकांच्या व शासनाच्या आश्रयाने काही काळ तग धरील. बोली मात्र ती बोलणाऱ्या वृद्ध पिढीबरोबर जाते, आणि गेलेली बोली कोणत्याही पुरस्काराने परत येत नाही. म्हणून ही नोंद कलावंत हयात असतानाच व्हावयास हवी.