हिमनदीकडे, हिमनदीपर्यंत कीं हिमनदीवर?

ज्या घरचा एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत नाहीं असें घर आज आपल्या ओळखींत सांपडणें कठीण झालें आहे. तिकडे गेलेली वडील मंडळी पूर्वीं नायगारा पाहून परत येत. अलीकडे अलास्काच्या जलप्रवासाचें प्रस्थ वाढलें आहे. सिॲटल किंवा व्हँकुव्हर येथून निघालेलें भलें मोठें जहाज आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडतें, बहुतेक रोज नव्या बंदरास लागतें, आणि तेथील थोड्या तासांत काय पाहावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. या बंदरांतील सर्वांत मोहाची आणि खर्चाची गोष्ट म्हणजे वाटाड्याबरोबर हिमनदीची पायीं सहल. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरच्या आठ माणसांसाठीं ही निवड करण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांत ज्या चुका झाल्या त्या अगदींच फुकट जाऊं नयेत, म्हणून हा लेख.

आठ माणसें म्हणजे आमचे वडील आप्पा, वय ७४, आई, वय ६८, आम्ही उभयतां, आमची तेरा वर्षांची कन्या, सिॲटलला राहणारे धाकटे बंधु, त्यांची पत्नी आणि सात वर्षांचा त्यांचा चिरंजीव. जहाजाचीं तिकिटें निघालीं त्याच दिवशीं आप्पांनीं फर्मावलें कीं, "काय करावयाचें तें सर्वांनीं मिळून करावयाचें. फाटाफूट नको." लग्नकार्यापासून गणपतीच्या आरतीपर्यंत आमच्या घरीं हाच शिरस्ता असल्यामुळें कोणास त्यांत वावगें वाटलें नाहीं. पुढचा बराचसा घोळ या एका वाक्यांतून निघाला.

आमच्या जहाजाचा मुख्य थांबा ज्यूनो. अलास्काची ही राजधानी. परंतु बाहेरच्या जगाशीं तिला जोडणारा एकही रस्ता नाहीं. जावयाचें तर बोटीनें किंवा विमानानें. गांवामागें सुमारें ३,९०० चौरस किलोमीटरांचें बर्फाचें पठार पसरलें असून त्याच्या कडांवरून अनेक हिमनद्या खालीं उतरतात. त्यांपैकीं मेंडेनहॉल ही गांवापासून सुमारें १९ किलोमीटरांवर आहे आणि तिच्या समोरच्या तळ्याकांठीं मोटार जाते. तेथील मूळच्या क्लिंगिट लोकांच्या भाषेंत तिच्या नांवाचा अर्थ 'लहान तळ्यामागची हिमनदी' असा आहे. मेंडेनहॉल हें अमेरिकेच्या किनारा-मोजणी खात्याच्या प्रमुखाचें नांव तिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालें. मोजणीदारांचीं नांवें बर्फास चिकटण्याची ही रीत आपणांस एव्हरेस्टवरून परिचयाची आहेच.

आमची पहिली चूक व्याकरणाची होती. जाहिरातींत सरसकट 'हिमनदीची सहल' असे शब्द असतात. पण हिमनदीकडे चालणें निराळें, हिमनदीपर्यंत चालणें निराळें आणि हिमनदीवर चालणें तर अगदींच निराळें. पहिल्या प्रकारांत तळ्याच्या कांठानें सपाट वाटेनें जावयाचें, समोर हिमनदी पाहावयाची आणि ३७७ फूट उंचीच्या नगेट धबधब्याच्या पायथ्याशीं जाऊन परत फिरावयाचें. जाऊन येऊन सुमारें सव्वातीन किलोमीटर. दुसऱ्या प्रकारांत पश्चिमेकडील ओल्या रानांतून आणि बर्फानें घासून काढलेल्या खडकांवरून हिमनदीच्या कडेशीं पोहोंचतात. दिवसाचे सहा ते आठ तास त्यांत जातात, आणि चिखल व चढउतार यांना तोटा नाहीं. तिसऱ्या प्रकारांत हेलिकॉप्टर थेट बर्फावर उतरवितें व तेथें बुटांखालीं लोखंडी दात बांधून वाटाड्याच्या मागून चालावयाचें. हें माणशीं कित्येकशें डॉलरांचें काम आहे. आम्हीं प्रथम एका संस्थेकडे पैसे भरले आणि पंधरा दिवसांनीं बारीक अक्षरांतला मजकूर वाचला, तेव्हां कळलें कीं आपल्या सहलींत बर्फास पाय लागतच नाहीं! संस्थेनें खोटें कांहींच लिहिलें नव्हतें; आम्हींच शब्दयोगी अव्यय तपासलें नव्हतें. सुदैवानें मुदत शिल्लक होती आणि पैसे परत मिळाले.

दुसऱ्या प्रकाराविषयीं एक सूचना. १९२९ पासून ही हिमनदी पावणेदोन मैलांहून अधिक मागें सरली आहे आणि अजून सरत आहे. त्यामुळें कडेपर्यंतची वाट वर्षागणिक लांबते व बदलते. पांच वर्षांपूर्वीं जाऊन आलेल्या भाच्याची शिफारस येथें उपयोगीं पडत नाहीं. वाटाड्यावांचून तर त्या बाजूस जाऊंच नये. बर्फाखालच्या निळ्या गुहांचीं चित्रें पाहून पुष्कळ लोक भुलतात. त्या गुहा कोसळतात, आणि त्या पूर्वसूचना देत नाहींत.

आप्पांस अर्थातच तिसरा प्रकार हवा होता. १९७९ सालीं ते गंगोत्रीहून पायीं गोमुखास गेले होते, आणि बर्फाविषयीं घरांत शेवटचा शब्द तेव्हांपासून त्यांचाच आहे. मे महिन्यांत आम्हीं पुण्याच्या पांच जणांनीं, जे बूट न्यावयाचे तेच घालून, सिंहगड चढून पाहिला. चढतांना आप्पा सर्वांच्या पुढें होते. उतरतांना मात्र ते वारंवार 'देखावा पाहण्यासाठीं' थांबूं लागले, आणि प्रत्येक वेळीं त्यांचा हात जवळच्या दगडावर किंवा झाडावर असे. हें सर्वांनीं पाहिलें. बोललें कोणीच नाहीं. बर्फावर चालण्याची रीत अशी कीं, पाऊल सपाट टेकून सगळे दात एकदम रुतवावयाचे, दोन पायांत अंतर ठेवावयाचें, नाहींतर एका पायाचे दात दुसऱ्या विजारींत अडकतात, आणि उतारावर गुडघे वांकवून भार तोलावयाचा. ज्याचा गुडघा उतारावर कच खातो, त्याची परीक्षा तेथें होते. हें आप्पांस सांगावयाचें कोणी?

उपाय आमच्या पत्नीनें सुचविला. पंक्तींत सर्वांसमक्ष न विचारतां प्रत्येकास एकेकटें गांठून विचारावें, आणि एकाचें उत्तर दुसऱ्यास सांगूं नये. भावजयीनें टेलिफोनवर लगेच कबूल केलें कीं, हेलिकॉप्टरच्या नुसत्या विचारानें तिला झोंप येत नव्हती. पण सासऱ्यांच्या शब्दाबाहेर कसें जावें म्हणून ती गप्प होती. पुतण्याचा प्रश्न नियमानेंच सुटला. बहुतेक संस्था वयाची अट घालतात, आणि इतक्या लहान पायांस ते लोखंडी दात नीट बसतही नाहींत. आप्पा बराच वेळ वर्तमानपत्राकडे पाहत राहिले व म्हणाले, "उतरतांना गुडघा ऐकत नाहीं. पण मी राहिलों तर तुम्ही सगळेच राहाल."

राहिली आई. खरें सांगावयाचें तर तिला विचारण्याचें आमच्या मनांतच नव्हतें. ती आप्पांबरोबर आणि नातवाजवळ खालीं थांबेल हें आम्हीं धरूनच चाललों होतों. आठ माणसांच्या पहिल्या यादींत तिच्या नांवापुढें आमच्याच हातची 'धबधबा' अशी नोंद होती. पत्नीनें तिला विचारलें. आई म्हणाली, "मला बर्फावर जावयाचें आहे. गोमुखाला मी जाणार होतें, पण तेव्हां हा पोटांत होता."

आई रोज पहाटे तळजाईच्या टेंकडीवर जाते, आणि सिंहगड उतरतांना तिचा हात कोणत्याही दगडावर नव्हता. तें आम्हीं पाहिलें नव्हतें, कारण आमचें लक्ष आप्पांकडे होतें. डॉक्टरांकडून तिचें हृदय व रक्तदाब तपासून घेतला आणि यादी नव्यानें लिहिली. बर्फावर आई, आम्ही उभयतां, कन्या व बंधु; धबधब्याकडे आप्पा, भावजय व पुतण्या. फाटाफूट झाली खरी. आप्पांस ती सांगतांना आम्हीं गुडघ्याचें नांव काढलें नाहीं. नातवाबरोबर घरचें कोणी वडील माणूस हवें, एवढेंच म्हटलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें. त्यांना सर्व समजलें होतें, असा आमचा समज आहे.

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी. बर्फावर नेणाऱ्या संस्थेस प्रथम हें विचारावें कीं, एकूण वेळापैकीं प्रत्यक्ष बर्फावर किती मिनिटें मिळतात. तीन तासांच्या सहलींत कधीं अर्धा तासही मिळत नाहीं, कारण पोशाख, सूचना व उड्डाण यांतच वेळ जातो. एका वाटाड्यामागें किती माणसें, आणि संस्थेजवळ अमेरिकन वनखात्याचा परवाना आहे कीं नाहीं, हेंही विचारावें. वजन विचारतात तें खरें सांगावें. हेलिकॉप्टरांत माणसें तोलून बसवितात, ठराविक मर्यादेपलीकडे जादा आकार पडतो, आणि निघण्यापूर्वीं कपड्यांबुटांसकट वजन होतेंच. आमच्या बंधूंचा आंकडा तेथें सर्वांदेखत उघडकीस आला. ढग उतरले तर उड्डाण रद्द होतें. ज्यूनोस पाऊस पाहुणा नसून घरचाच आहे, म्हणून पैसे परत मिळण्याची अट लेखीं पाहावी. सुती कपडे भिजले कीं ऊब देत नाहींत. आंत लोंकरीचे आणि वर पाणी न शिरणारे असावेत. आईनें साडीऐवजीं विजार घातली, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाहीं.

जहाजामार्फत घेतलेली सहल लांबली तर जहाज थांबतें. बाहेरून स्वस्तांत घेतलेलीसाठीं तें थांबेलच असें नाहीं. बाहेरून घ्यावयाची असल्यास दोन-तीन तास हातचे राखावे, आणि जहाजाचें घड्याळ व गांवचें घड्याळ एकच आहे याची खात्री करावी, कारण सिॲटल आणि ज्यूनो यांच्या वेळांत एका तासाचें अंतर आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत जाणाऱ्यांनीं आणखी एक बातमी ठेवावी. मेंडेनहॉलच्या वरच्या अंगास एका खोऱ्यांत बर्फानें अडविलेलें पाणी सांचतें आणि तें एकाएकीं फुटून खालीं येतें. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षीं ऑगस्टांत त्यामुळें मोठे पूर आले. भारतीय पारपत्र असणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळें सिॲटलहून निघून तेथेंच परतणारीं हीं परदेशी नोंदणीचीं जहाजें वाटेंत कॅनडाच्या एखाद्या बंदरास लागतात. म्हणून कॅनडाचा परवाना लागतो, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळां प्रवेश देणारा हवा. ज्यांस चालणें मुळींच झेपत नाहीं त्यांच्यासाठीं ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानांत शिरणारें जहाज निवडावें. तेथें दिवसाला दोनच मोठीं जहाजें सोडतात, उद्यानाचे अधिकारी जहाजावर येऊन माहिती सांगतात, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या हिमनदी दिसते.

जुलैच्या मध्यास ज्यूनोस पोहोंचलों तेव्हां ढग इतके खालीं होते कीं उड्डाण तासभर लांबलें, आणि मनांतून आम्हांस वाटूं लागलें कीं रद्द होईल तर बरें. तें झालें नाहीं. बर्फावर उतरल्यावर पहिलीं दहा पावलें आम्हींच वेडींवांकडीं टाकलीं. पृष्ठभाग पांढरा नव्हता. खडकाच्या भुकटीनें मळलेला, करवतीसारखा खरखरीत. मात्र भेगांच्या आंत गर्द निळा रंग दिसे. दाट बर्फांतून दूरवर जातांना प्रकाशांतील तांबडा भाग शोषला जातो व निळा उरतो, असें वाटाड्यानें सांगितलें. एके ठिकाणीं वितळलेल्या पाण्यानें बर्फांत विहिरीसारखें खोल भोंक पाडलें होतें आणि ओढा घुमत त्यांत पडत होता. वाटाड्यानें कमरेस दोर बांधून एकेकास कांठाशीं नेलें. आमची कन्या दोन क्षण डोकावून मागें आली. आई वांकून बराच वेळ पाहत राहिली, इतका कीं वाटाड्यास दोर हलवून तिला बोलवावें लागलें.

संध्याकाळीं जहाजावर सर्व जमलों. पुतण्याच्या मतें जिंकले तेच, कारण त्यांनीं फळ्यांच्या पुलावरून ओढ्यांत मासा धरणारें काळें अस्वल पाहिलें होतें. अस्वलांमुळें त्या वाटांवर खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असल्यानें आप्पांना चिवड्याचा डबा गाडींतच ठेवावा लागला, ही एवढी तक्रार सोडल्यास ते संतुष्ट दिसले. सव्वातीन किलोमीटर ते न थांबतां चालले होते. नऊ वाजून गेले तरी उजेड होता. आप्पांनीं आईस एकच विचारलें, "खालून पाणी वाजत होतें का?" वाजत होतें, असें तिनें सांगितलें. मग पाऊल सपाट कसें टाकावयाचें तें ती त्यांना डेकच्या फळ्यांवर चालून दाखवूं लागली.